परका कोण आणि आपला कोण?



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीतली पोरे माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहून आयुष्य काढलेला माणूस. शाळा दहावीपर्यंतची. पण वाचनाचा नाद जुना आहे. तिसऱ्या पाळीला जाताना डब्याच्या पिशवीत एखादे पुस्तक असायचेच. त्या बळावर हे चार शब्द लिहितो. चुकलेमाकले असेल ते पदरात घ्यावे.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. आपल्या विहारात मागे परदेशी पाहुणे येऊन गेले ते पुष्कळांना आठवत असेल. पहिल्या खेपेला एक जोडपे आले. गाडीतून उतरले, बूट काढून आत आले, तथागतांच्या मूर्तीपुढे हात जोडले. मग कॅमेरा निघाला. वस्तीतल्या पडक्या भिंतीचे, धुणे धुणाऱ्या बायांचे, शेंबड्या पोरांचे फोटो काढले आणि अर्ध्या तासात धुरळा उडवीत गेले. दुसऱ्या खेपेला एकट्या बाई आल्या. तीन दिवस राहिल्या. भाकरी थापायला बसल्या, भाकरीचा पार नकाशा झाला, तर आपल्या बायांच्या आधी त्याच हसल्या. "पाणी द्या", "बस झालं", "उद्या येते" एवढे मराठी शिकल्या. जायच्या दिवशी सकाळी बघतो तर विहार झाडून काढलेला.

ते सगळे बघून शेजारच्या पोराने मला विचारले, "काका, ही माणसं एवढ्या लांबून हितं कामून येतेत? आन् एक असा, एक तसा कामून?"

पोराला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आता देतो.

तेरणेच्या काठी आलेला व्यापारी

बाहेरच्या माणसाला तेरखेडा म्हटले की फटाके आठवतात. आपल्या गावाची ओळख तेवढीच राहिली. पण आपल्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली तेरणा नदी खाली ज्या तेर गावाजवळून जाते, ते तेर दोन हजार वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडे माहीत होते. तेव्हा त्याचे नाव होते तगर. (आपल्या तेरखेड्याच्या नावात 'तेर' आहे म्हणून आपणही तगरचेच, असे काही मी म्हणत नाही. नुसत्या नावावरून इतिहास ठरवू नये.)

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्यात तो सांगतो की, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून काय यायचे? तर पुष्कळसे साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून तो माल भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने परदेशात.

मी सूत काढणारा माणूस. हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या या मुलखाचे कापड तेव्हा तिकडच्या बाजारात विकले जात होते! तेरच्या उत्खननात रोमच्या व्यापाराशी संबंध दाखवणाऱ्या कितीतरी वस्तू निघाल्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे आणि तशाच घडणीची एक मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून तिथे सरकारी संग्रहालय उभे राहिले आहे. तेरला विटांचा स्तूपही सापडला. तिथले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, ज्याची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठासारखे आहे, ते मूळचे चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

आता त्या पेरिप्लसवाल्याकडे बघा. माणूस हुशार. कुठे काय पिकते, काय विकते, वारा कधी सुटतो, सगळे त्याने लिहून ठेवले. पण तगरचे ते कापड विणले कोणी, ते कसे राहत, काय खात, कोणाला वंदन करत, याबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या लेखी गाव म्हणजे मालाची यादी. त्याला दोष देत नाही, त्याचा धंदाच तो होता. त्याच्या यादीमुळेच तर आपल्याला तगर कळले. पण परमुलखात जाण्याची ही एक तऱ्हा झाली: माल बघायचा, माणूस बघायचा नाही.

खांबावरची नावे

त्याच काळात आलेले दुसरे परदेशी बघू. पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांना आपल्याकडे यवन म्हणत. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात जे भव्य चैत्यगृह आहे, त्याच्या काही खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले बरेच जण यवन आहेत, धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे राहणारे. आणि नावे काय? एक सिहधय म्हणजे सिंहध्वज, एक यसवधन म्हणजे यशोवर्धन, एकाचे तर नावच धम्म. म्हणजे माणूस यवन, नाव इथले आणि दान संघाला.

जुन्नरच्या लेण्यांत आणखी तीन यवन भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्यानेही लेण्यातल्या कामासाठी दान दिले. इरिल हे नाव काही आपल्याकडचे वाटत नाही. म्हणजे कोणी नाव बदलले, कोणी आपले नाव तसेच ठेवले. पण तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला बसायला जागा दोघांनीही दिली.

नाशिकच्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाचा यवन आहे. तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा म्हणवतो. त्याने आईबापाच्या स्मरणार्थ लेणे, चैत्य आणि पाण्याची टाकी खोदविली. त्याच्या मुलाचे नाव धर्मरक्षित. बापाने परमुलखात येऊन धम्म धरला आणि मुलाला नाव धम्माचे ठेवले. अशोकाच्या काळी अपरांतात म्हणजे आपल्या कोकणपट्टीकडे धम्म सांगायला जो स्थविर पाठवला, तोही योनक धम्मरक्खित, असे सिंहलच्या महावंसात लिहिले आहे. म्हणजे परंपरेप्रमाणे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर धम्म घेऊन आला तोच मुळी एक यवन!

आणि गिरणी कामगार म्हणून मला जो लेख सगळ्यात जवळचा वाटतो, तो नाशिकच्याच दहाव्या लेण्यातला. शक राजा नहपान याचा जावई उषवदात. हे शकही बाहेरूनच आलेले. या उषवदाताने भिक्खूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण नाणी दिली आणि ती ठेवली कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या विणकर संघटनांकडे. २००० नाणी एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक या व्याजाने. त्यातून वीस भिक्खूंना वर्षाला प्रत्येकी बारा नाणी चीवरासाठी मिळत. हिशेब करून बघा, बरोबर २४० येतात. उरलेली १००० नाणी दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. एका परक्या राजघराण्यातल्या माणसाचा आमच्या विणकरांवर एवढा विश्वास होता! आणि तो विश्वास दगडावर कोरून ठेवला. आजच्या कामगाराला एखादी पतपेढी शंभर प्रश्न विचारल्याशिवाय दारात उभी करत नाही, तेव्हा या लेखाची आठवण येते.

दोन मित्र, दोन वाटा

आता चीनकडे वळू. इसवी सन ३९९ मध्ये फाहियान नावाचा वयस्क भिक्खू चँगआन शहरातून सोबत्यांबरोबर पायी निघाला. हेतू एकच: आपल्या देशात विनयाचे ग्रंथ अपुरे आहेत, ते भारतातून आणायचे. वाळवंट, बर्फाचे डोंगर ओलांडले. सोबती एकेक करून गळाले. कोणी परत फिरले, कोणी वाटेत मरण पावले. शेवटी पाटलीपुत्राला पोचले ते दोघे, फाहियान आणि ताओ-चिंग.

इथल्या भिक्खूंची शिस्त बघून ताओ-चिंगचे मन भरून आले. त्याने ठरवले, आता परत जाणे नाही. तो इथेच राहिला. फाहियानला मात्र हेतू विसरता येईना. तीन वर्षे तो भाषा शिकला, विनयाच्या प्रती स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि एकटा निघाला. सिंहलद्वीपात असताना बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने ठेवलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याला दिसला. तो त्याच्या देशाचा होता. तो पंखा बघून त्या म्हाताऱ्या भिक्खूच्या डोळ्यांतून पाणी आले. घर सोडून मुंबई-पुण्याला गेलेल्या ज्या माणसाने तिथल्या बाजारात आपल्याकडच्या ज्वारीचे पोते बघितले असेल, त्याला हे रडणे समजेल.

दोघांत श्रेष्ठ कोण? मला विचाराल तर दोघेही. एकाने धम्मासाठी देश सोडला, दुसऱ्याने देशासाठी धम्म पाठीवर वाहून नेला. राहणारा मोठा आणि जाणारा लहान असे काही नसते. राहून काय केले आणि जाताना काय नेले, हे बघायचे.

फाहियान आपल्या दक्षिणेत आला नाही. वाट बिकट आहे असे त्याने ऐकून लिहून ठेवले. आपल्या महाराष्ट्रात आला तो ह्युएन त्संग, इसवी सन ६४१ च्या सुमारास, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात. राजाची परवानगी नसताना चीनमधून निघालेला हा माणूस नालंदात वर्षानुवर्षे शीलभद्रांच्या पायाशी बसून शिकला. मग देश फिरला. महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल तो म्हणतो की ही माणसे मानी आहेत. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. इथे शंभराच्या आसपास विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू आहेत. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे वर्णनही तो करतो, ते अजिंठ्याचे असावे असे मानतात. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. भारतात मूळ ग्रंथ नष्ट झाले, तेव्हा यांतले कितीतरी त्या चिनी भाषांतरांमुळे जगले.

बंधूंनो, या दोघांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. फाहियान लिहितो की चांडाळ लोक गावाबाहेर राहतात आणि शहरात, बाजारात येताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे इतरांनी बाजूला व्हावे. ह्युएन त्संग लिहितो की खाटीक, कोळी, भंगी अशांची घरे शहराबाहेर असतात आणि त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने चालावे लागते. इथल्या माणसाला यात विशेष काही वाटत नव्हते, म्हणून त्याने ते सहज पार केले. परक्याच्या डोळ्याला खटकले, म्हणून त्याने लिहिले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध घेताना या दोन्ही चिनी भिक्खूंच्या साक्षी तपासल्या आहेत. परका डोळा आपल्या कामी येतो तो असा. त्याला पायपुसणे समजू नये आणि त्याला देवही करू नये.

शिकारी आणि चितारी

मग कित्येक शतके गेली. लेण्यांत वटवाघळे राहू लागली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास इलाख्याच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला अजिंठ्याच्या खोऱ्यात आला. त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत गेला आणि एका खांबावर, जुन्या चित्रावरच, त्याने आपले नाव आणि तारीख खरवडली. तेव्हा आत माती-दगडांचा ढीग होता, त्यावर उभा राहून त्याने ते कोरले. म्हणून आज ते माणसाच्या उंचीपेक्षा वर आहे.

कार्ल्याच्या खांबावर परदेशी माणसाचे नाव आहे आणि अजिंठ्याच्या खांबावरही परदेशी माणसाचे नाव आहे. कार्ल्याच्याने खांब दिला आणि नाव लिहिले. अजिंठ्याच्याने काही दिले नाही, जे होते ते खरवडले आणि नाव लिहिले. पोरांनो, सहलीला गेल्यावर भिंतीवर बदाम काढून नावे लिहिता ना, तेव्हा आपण कोणाच्या रांगेत बसतो याचा विचार करा.

पण सगळे इंग्रज तसे नव्हते. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमले. तो तिथेच राहिला, वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत बसून चित्रे उतरवत राहिला. पारो नावाच्या तिथल्या बाईशी त्याचा जीव जडला. १८५६ साली ती वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे. गिलने रंगवलेली बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली असताना १८६६ च्या आगीत जळून गेली. माणूस खचला असेल, पण देशी परतला नाही. १८७९ साली इकडेच वारला, भुसावळला त्याची कबर आहे. शिकारी अजिंठ्यात एक दिवस आला आणि पुस्तकांत अमर झाला. चितारी उमर घालवून गेला, त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

धम्मक्रांतीनंतर आलेले

१९५६ नंतरचा इतिहास आपल्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिला. लंडनचा डेनिस लिंगवूड दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी फौजेबरोबर १९४४ साली भारतात आला, फौज सोडून अनवाणी भटकला आणि संघरक्षित नावाने भिक्खू झाला. बाबासाहेबांना तो भेटला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी तो नागपुरात पोचला आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली. शोकसभेत बोलायला उठलेल्यांना हुंदक्यांनी बोलता येईना, तेव्हा या परदेशी भिक्खूने लाखभर लोकांना धीर दिला. पुढच्या चार दिवसांत त्याने चाळीसच्या आसपास भाषणे केली. नंतरची काही वर्षे तो महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत हिंडला. इतिहास लिहायचा तर सगळा लिहावा: पुढे इंग्लंडमधल्या त्यांच्या वर्तनाबद्दल त्यांच्याच संघातल्या लोकांनी गंभीर तक्रारी केल्या आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी क्षमा मागितली. त्यांचे नागपूरचे ते चार दिवस खरे आणि या तक्रारीही खऱ्या. तथागतांनी कालामांना डोळे झाकून कोणाच्या मागे जाऊ नका असे सांगितले, त्यातून गोरा माणूस वगळलेला नाही.

त्यांचेच इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ साली पुण्याला योग शिकायला निघाले असता नागपुरात थांबले. तो नेमका धम्मदीक्षेचा वर्धापनदिन होता. दीक्षाभूमीवरचा तो जनसागर त्यांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात राहायला आले. १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम सुरू झाले. जपानचे भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले, इथल्या वस्तीत राहिले, इथली भाषा बोलू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९९२ पासून बुद्धगया मुक्ती आंदोलनात पुढे राहिले.

अभ्यासक बायाही आल्या. अमेरिकेच्या एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली आपल्या चळवळीवर प्रबंध पुरा केला, तेव्हा इथल्या किती विद्यापीठांना हा विषय अभ्यासाचा वाटत होता? त्या येत राहिल्या आणि जात राहिल्या. शिकवायला अमेरिकेत आणि माणसे जोडायला महाराष्ट्रात. २०१६ साली त्या गेल्या. गेल ऑम्वेट यांची तऱ्हा निराळी. १९४१ साली मिनियापोलिसला जन्मलेली ही बाई महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला आली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची सून झाली. १९८३ साली भारतीय नागरिकत्व घेतले, मोर्चात चालली, २०२१ साली कासेगावातच गेली. एक फाहियानच्या वाटेने गेली, एक ताओ-चिंगच्या.

स्वतःच्या देशात परका

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. परदेशी माणूस आपल्याकडे कसा राहतो ते पाहिले. आपला सगळ्यात मोठा माणूस परदेशात कसा राहिला?

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकले, वसतिगृहात सगळ्यांबरोबर राहिले, नवल भथेना या पारशी मित्राची तिथे मिळालेली दोस्ती शेवटपर्यंत टिकली. तिथे कोणी पाणी वरून ओतले नाही. आणि १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. बाहेर पडून हा एवढा विद्वान माणूस बागेत तासन् तास बसून राहिला. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद बघायला आपल्या मराठवाड्यात आले होते. किल्ल्याच्या टाक्यात हातपाय धुतले म्हणून तिथेही अपमान झाला. हे प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आणि त्या लिखाणाचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. ज्याला अमेरिकेत शिरता आले, इंग्लंडात शिरता आले, तो स्वतःच्या देशात परवान्याची वाट बघत उभा! आणखी एक गोष्ट. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला समजावे म्हणूनच त्यांनी हे प्रसंग सांगितले आहेत.

त्या वेळी आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. बार्शीकडे गेले की इंग्रजी हद्द, अलीकडे निजामाची करोडगिरी. चार कोसांवर परदेश! आणि जवळच्या कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले, तेव्हा आपल्याकडची माणसे डोक्यावर भाकरी बांधून, हद्दीची पर्वा न करता चालत गेली होती. माझा आजा त्यांत होता असे माझा बाप सांगायचा.

ओंजळीतले पाणी

शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही याचा पुष्कळ विचार केला. पण विहाराच्या पुस्तकात खोटे बोलायचे नाही आणि अर्धे खरेही बोलायचे नाही.

मी अठरा वर्षांचा असताना कामासाठी पहिल्यांदा मोठ्या शहरात गेलो. खोली बघितली, भाडे ठरले, घरमालकाने चहा पाजला आणि मग विचारले, "आडनाव काय?" आडनाव सांगितले. कप हातात तसाच राहिला. खोली दुसऱ्याला दिली असल्याचे त्यांना एकाएकी आठवले. ती रात्र मी एसटी स्टँडवर काढली. ती रात्र मी विसरणार नाही असे मला वाटत होते.

पुढे मी गिरणीत कायम झालो, कामगारांचा प्रतिनिधी झालो. एका वर्षी ठेकेदाराने ओरिसाकडची पंधरा-वीस पोरे कमी पगारावर आणली. आमचा राग ठेकेदारावर होता आणि तो रास्त होता. पण ठेकेदार आमच्या हातात सापडत नव्हता, ही पोरे सापडत होती. त्यांची बोली आम्हाला हसण्यासारखी वाटायची. त्यांच्या डब्यातल्या भाताला आम्ही नावे ठेवायचो. एका रात्री त्यांतला एक जण आमच्या माठाला हात लावायला गेला, तर मी ओरडलो, "तुमचं पाणी येगळं ठेवा." मी! जयभीम म्हणणारा, चवदार तळ्यावर भाषण करणारा मी!

ते पोरगे मागे सरले. ते काही बोलले नाही. त्याने तिथे उभ्या असलेल्या एकाकडे बघून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. त्या माणसाने वरून पाणी ओतले, पोराने ओंजळीने पाणी प्याले आणि तोंड पुसत आपल्या फ्रेमवर गेला. माझा आजा असेच पाणी प्यायचा. लहानपणी मी ते पाहिले होते.

त्या पाळीत माझ्या हातून किती धागे तुटले त्याची गणती नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून काही बोलावे असे ठरवले. पण धीर झाला नाही, मग सुटी आली, मग पाळी बदलली. महिन्याभरात ठेका संपला आणि ती पोरे गेली. त्याचे नाव मला माहीत नाही. गाव कोणते, तेही मी कधी विचारले नाही. पेरिप्लसवाल्याने तगरच्या विणकराचे नाव विचारले नाही म्हणून वर मी लिहिले. मी तरी कुठे विचारले?

समारोप

तेव्हा पोराला माझे उत्तर असे. परमुलखात माणसे कोणी व्यापारासाठी येतात, कोणी शिकारीसाठी, कोणी शिकायला, कोणी सोबत करायला. चामडीच्या रंगावरून किंवा किती दिवस राहिला यावरून त्यांची पारख होत नाही. त्याने इथल्या माणसाला विचारले काय, ऐकले काय आणि मागे काय ठेवले, पाण्याचे टाके की खरवडलेले नाव, यावरून होते. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आज आपली पोरे पुण्या-मुंबईला आहेत, काही आखातात आहेत, एखाददुसरा त्याहून लांब गेला आहे. ऊसतोडीला तर आपली अख्खी कुटुंबे परमुलखात जातात. तिकडे आपण परके. आणि आपल्या शिवारात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर बिहार-बंगालची माणसे येतात, तेव्हा ते परके.

विहार समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, वर्षातून एकदा पोरांना तेरचे संग्रहालय आणि जमल्यास नाशिक-कार्ल्याची लेणी दाखवावीत, आणि ब्राह्मीची अक्षरे शिकवावीत. दोन, विहारात एक वही ठेवावी. बाहेरून कोणीही आला, गोरा असो की बिहारी मजूर असो, त्याचे नाव, गाव आणि त्याच्या गावची एखादी गोष्ट त्या वहीत लिहून घ्यावी. नुसते आपले फोटो काढू देऊ नयेत, त्याच्याविषयीही विचारावे. तीन, विहाराच्या दारात पाण्याचा माठ आहे, त्याच्यावर ओरडणारा कोणी नसावा. उन्हाळ्यात तो रोज भरण्याचे काम माझ्याकडे द्यावे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.